तिसरा रुमाल

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यानें ज्यांचा प्रवास घडला असेल, त्या वाचकांनीं भिगवण मागें पडल्यावर डाव्या हाताला दूरवर चकाकणारें पाणी पाहिलें असेल. तें उजनी धरणाच्या पोटांतील पाणी होय. हिंवाळ्यांत तेथें रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि शहरांतील हौशी मंडळी ते पाहावयास होड्या करून जातात. याच पाण्याच्या कडेनें पुढें गेलें म्हणजे, इंदापूर येण्यापूर्वीं, पळसदेव नांवाचें गांव लागतें. रस्त्यावर दिसणारें हें गांव नवें आहे. जुनें पळसदेव भीमेच्या कांठीं होतें. तें आज पाण्याखालीं आहे.

आमच्या वडिलांचें आजोळ या जुन्या पळसदेवचें. लहानपणीं उन्हाळ्याच्या सुट्टींत आम्ही तेथें जात असूं. मुंजीच्या वेळीं बटूच्या हातीं जो दंड देतात तो पळसाचा, एवढें आम्हांस ठाऊक होतें. त्यामुळें ज्या गांवाचें व ज्या देवाचें नांवच पळसावरून पडलें, तें गांव आपल्याच घरचें आहे असें बालबुद्धीला वाटे. भीमेचा घाट, घाटावरील पिंपळ, पळसनाथाचें देऊळ आणि देवळापलीकडची आळी, एवढें आमचें जग होतें.

भीमेवरील हें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या पोटांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारें ६३ अब्ज घनफूट, इतक्या खोल पातळीवर असतें कीं, नेहमींच्या हिशेबांत तें धरीत नाहींत. पाटबंधारे खात्याच्या भाषेंत त्याला ‘मृत साठा’ असें नांव आहे. पाऊस चांगला झाला कीं या मृत साठ्याकडे कोणी पाहत नाहीं. परंतु ज्या वर्षीं पाऊस ओढ देतो, त्या वर्षीं उन्हाळ्यांत पाणी या रेषेच्याहि खालीं जातें. मग आधीं पळसनाथाचा कळस, मग शिखर, मग सभामंडप आणि अखेर जुन्या गांवाचीं जोतीं उघडीं पडतात.

इ. स. २०२३ चा पावसाळा असाच कोरडा गेला आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत देऊळ बाहेर आल्याचें वर्तमान वर्तमानपत्रांतून झळकलें. आमचा नातू नववीत शिकतो. त्यानें चित्र पाहिलें आणि आग्रह धरला कीं, आजोबा, आपण जायचंच. खरें सांगावयाचें तर अशीं वर्षें यापूर्वींहि आलीं होतीं. आम्हीच तिकडे जाण्याचें टाळीत आलों होतों. कां टाळीत होतों, तें पुढें येईलच. मे महिन्याच्या आरंभीं, चैत्र वद्यांत, आम्ही दोघे पहांटेच्या मोटारीनें निघालों.

नव्या गांवांत पळसनाथाचें नवें देऊळ आहे. गांव वर आलें तेव्हां देवहि वर आला. तेथें दर्शन घेऊन आम्ही पाण्याच्या दिशेनें चालूं लागलों. अर्ध्या वाटेपर्यंत ऊंस होता, त्यापुढें गाळ. गाळ वाळून त्याला हात हात रुंद भेगा पडल्या होत्या आणि पायांखालीं शिंपले करकरत होते. जेथें ओल शिल्लक होती तेथें लोकांनीं गाळपेर केली होती. दूर कोळ्यांचीं जाळीं वाळत घातलेलीं दिसत होतीं. आणि या सगळ्याच्या पुढें, जणूं काल संध्याकाळींच आरती झाली आहे अशा थाटानें, पळसनाथाचें देऊळ उभें होतें.

हें देऊळ चालुक्यांच्या काळचें म्हणून सांगतात. खालचें अंग घडीव दगडाचें. वरचें शिखर भाजलेल्या पातळ विटांचें व चुन्याचें. चार तपांच्या सुमाराचा काळ पाण्यांत काढूनहि शिखराचे थर उभे आहेत, हें पाहून त्या गवंड्यांना हात जोडावेसे वाटतात. मंडपाच्या खांबांवर गाळाचा थर बसला आहे. पण तो हातानें पुसला कीं खालची कोरीव नक्षी स्वच्छ दिसते. आंगणांत वीरगळ आहेत. युद्धांत पडलेल्या वीरांच्या या शिळा. वीराचें नांव बहुधा राहत नाहीं, परंतु त्याच्यासाठीं कोणी तरी दगड घडविला एवढें मात्र राहतें.

नातवानें सर्व बाजूंनीं चित्रें घेतलीं आणि मग सहज विचारलें, “आजोबा, आपलं घर कुठलं हो?”

आम्हीं बोट दाखविलें. देवळाकडून चार जोतीं ओलांडून एक उंच चौथरा होता आणि त्याला तीन दगडी पायऱ्या होत्या. त्या पायऱ्या आम्ही कोठेंहि ओळखल्या असत्या. आम्ही वरच्या पायरीवर बसलों आणि, ज्या गोष्टीमुळें इतकीं वर्षें आमचा पाय इकडे वळला नव्हता, ती गोष्ट त्या मुलाला प्रथमच सांगितली. तीच येथें सांगतों.

या घरांत वडिलांचे मामा राहत. आम्ही त्यांना मामाआजोबा म्हणत असूं. पूर्वीं घरांत कुळकर्णाचें वतन होतें. तें १९५० च्या कायद्यानें गेलें. मग थोडी शेती आणि चातुर्मासांत आसपासच्या गांवीं कीर्तनें, यांवर त्यांचा निर्वाह चाले. मोडी अक्षर मोत्यांसारखें. शिक्षण इंग्रजी पांच इयत्तांचें. पण संस्कृत घरचें, पाठशाळेंतलें, पक्कें. आम्हांस रूपावली त्यांनींच पाठ करून घेतली. आणि त्यांचें एकच वेड होतें : मोरोपंत.

पळसदेवहून बारामती दहाबारा कोसांवर. कऱ्हेच्या कांठच्या त्या गांवीं पंतांनीं आपल्या आयुष्याचीं चाळिसांवर वर्षें काढिलीं. त्यांचा जन्म १७२९ सालीं पन्हाळगडीं झाला. केशव व गणेश या पाध्ये बंधूंपाशीं त्यांचें काव्यशास्त्राचें अध्ययन झालें, आणि पुढें बाबूजी नाईक बारामतीकरांनीं त्यांस आश्रय दिला. नाईक म्हणजे पेशव्यांचे व्याही व सावकार. त्यांच्या वाड्यांत पुराण सांगावें आणि उरलेल्या वेळांत आर्या रचाव्या, असा पंतांचा क्रम १७९४ च्या चैत्री पौर्णिमेपर्यंत, म्हणजे देह ठेवीपर्यंत, चालला. संपूर्ण महाभारत त्यांनीं आर्यांत आणिलें. रामायणें तर एकशें आठ केलीं असें परंपरा सांगते. तीं सर्वच आज हातीं नाहींत. त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे. प, फ, ब, भ, म हीं ओठांनीं उच्चारावयाचीं अक्षरें त्यांत येऊं द्यावयाचीं नाहींत, असा नेम. म्हणजे रामाची कथा सांगावयाची, आणि ‘राम’ हें नांव मात्र घेतां यावयाचें नाहीं!

अशा कसरतींमुळें पंतांस कोणी शब्दांचे कारागीर म्हणून नाकें मुरडलीं आहेत. मामाआजोबांस तें खपत नसे. ते म्हणत, “केकावली वाच आणि मग बोल.” मयूराचा आर्त स्वर ती केका. आपल्या मोरोपंत या नांवाला धरून कवीनें, भिऊन मेघाला हांक मारणाऱ्या मोराप्रमाणें, देवाला पृथ्वी वृत्तांत हांका मारिल्या आहेत. म्हाताऱ्या माणसाच्या त्या हांकांत कारागिरी विसरून जाते, हें आम्हांस त्या वयांत कळलें नाहीं, आतां कळतें.

परंतु मामाआजोबा नुसते भक्त नव्हते. ते संग्राहक होते. ज्या हरिदासाची म्हणून ख्याति ऐकावी, त्याच्याकडे पायीं जावें, दोन दिवस राहावें, आणि त्याच्या मुखीं असलेल्या पंतांच्या आर्या उतरून घ्याव्या, हा त्यांचा छंद. पंतांची आर्या छापखान्यांत जाण्यापूर्वीं कीर्तनांत नांदली आहे. आर्या म्हणून आपण जिला ओळखतों ती बहुधा गीति असते. प्रत्येक अर्धांत तीस मात्रा. मात्रा मोजून बांधलेली रचना असल्यामुळें ती सहसा बिघडत नाहीं. बिघडली तर कानाला खडा लागतो, आणि मग हरिदास स्वतःच्या पदरचा शब्द घालून ती सावरून घेतो. असे पदरचे शब्द कोणते, जुने मूळचे कोणते, आणि छापतांना गळालेले कोणते, हें ताडून पाहावें असा मामाआजोबांचा हेतु. प्रत्येक आर्या कोणाच्या तोंडून, कोणत्या गांवीं, कोणत्या तिथीला ऐकली, तें ते लिहून ठेवीत. बारामती, इंदापूर, नीरेकांठचीं गांवें, भीमेपलीकडे करमाळ्याचा मुलूख, असे त्यांनीं वीस-बावीस वर्षें पाय झिजविले. हे कागद त्यांनीं तीन तांबड्या रुमालांत बांधून ठेविले होते.

धरणाचें पाणी चढण्यापूर्वींच्या एका उन्हाळ्यांत गांव उठूं लागलें. आम्ही नुकतीच शालान्त परीक्षा देऊन मोकळे झालों होतों. वडिलांबरोबर मदतीला म्हणून आम्हीहि गेलों. ज्यांनीं गांव उठतांना पाहिलें नसेल त्यांना तें दृश्य सांगून कळावयाचें नाहीं. माणसें आपल्या हातांनीं आपलीं घरें उतरवीत होतीं. तुळ्या, खांब, चौकटी, दारें, माळवदाच्या फळ्या, सगळें नव्या घराला लागणार म्हणून काढून गाड्यांवर रचीत होतीं. बायका चुलीची माती फडक्यांत बांधून घेत होत्या. कोणी मोठ्यानें रडत नव्हतें. रडावयास वेळ नव्हता.

शेवटल्या दिवशीं दुपारीं मामाआजोबांनीं आम्हांस हांक मारली. पहिले दोन रुमाल त्यांनीं स्वतः पेटींत घातले होते. ते म्हणाले, “बाळ, तिसरा रुमाल आंतल्या खोलीच्या देवळींत आहे. तेवढा आणून धान्याच्या पोत्यांमध्यें नीट ठेव. जड नाहीं तो. पण तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे हो.”

“हो, आणतों,” असें आम्ही म्हणालों.

त्याच वेळीं घाटावर गांवचीं पोरें पोहत होतीं. भीमेंत त्या घाटावरचें तें शेवटचें पोहणें आहे, हें सर्वांनाच ठाऊक होतें. आम्ही गेलों. दिवस कलला तेव्हां परत आलों. गाडी भरून तयार होती, बैल जुंपले होते. मामाआजोबांनीं विचारलें, “रुमाल ठेवलास?”

आम्हीं त्यांच्या डोळ्यांकडे न पाहतां सांगितलें, “ठेवला.”

आम्हांस खरोखर वाटलें होतें कीं, दुसऱ्या दिवशीं उरलेल्या फळ्या नेण्यासाठीं गाडी पुन्हां येईल आणि तेव्हां कोणाला न कळत आपण तो आणूं. परंतु त्या रात्रीं वळवाचा पाऊस आला. घराचें छप्पर आधींच उतरविलेलें. मातीच्या भिंती उघड्या. एका रात्रींत आंतली भिंत बसली. दुसरे दिवशीं वडील जाऊन आले. त्यांनीं मातीचा ढीग उपसला. हाताला लागला तो तांबड्या फडक्यांतला काळा लगदा. पुढें त्याच वर्षीं कीं पुढल्या वर्षीं, पाणी आलें आणि तो ढीगहि त्याखालीं गेला.

मामाआजोबा आम्हांस रागें भरले असते तर बरें झालें असतें. ते कांहीं वेळ स्वस्थ बसले आणि एवढेंच म्हणाले, “असो. पंतांचं पंतांपाशीं गेलं.” त्यानंतर दोन वर्षांनीं ते वारले. त्या दोन वर्षांत त्यांनीं एकदांहि तो विषय काढला नाहीं, आणि एकहि नवी आर्या उतरून घेतली नाहीं.

राहिलेले दोन रुमाल वडिलांकडून आमच्याकडे आले. पहिल्यांत पोथ्यांच्या नकला आहेत. दुसऱ्यांत पंतांच्या चरित्राचीं टिपणें, नाईकांच्या घराण्याची वंशावळ, आणि निरनिराळ्या वह्या. त्यांपैकीं एका वहींत एका परकी कवीविषयीं सातआठ पानें आहेत. कोणा शिक्षकाकडून आणलेल्या इंग्रजी चरित्रावरून तीं लिहिलीं असावींत. त्या कवीचें नांव जॉन ग्रीनलीफ व्हिटियर.

हा अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांतला, शेतकऱ्याचा मुलगा; जन्म १८०७ चा. क्वेकर पंथाचा. या पंथांत उपाध्याय नाहीं, मंत्र नाहीं, गायन नाहीं. मंडळी एकत्र जमून निःशब्द बसतात आणि ज्याला आंतून प्रेरणा होईल त्यानें बोलावें. प्रत्येक माणसांत तोच प्रकाश आहे अशी श्रद्धा असल्यामुळें माणसानें माणसाला विकत घेणें त्यांना पाप वाटे. व्हिटियरनें आपली ऐन उमेदीचीं वर्षें व आपली लेखणी काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठीं वेंचली. १८३३ सालीं गुलामगिरीविरुद्ध जी मोठी सभा अमेरिकेंत स्थापन झाली तिच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. उत्तरायुष्यांत, १८७२ सालीं, त्यानें सोमरसावरहि एक कविता लिहिली. वेदकाळच्या ऋत्विजांपासून आरंभ करून, धुंदींतून देव गांठूं पाहणाऱ्या सर्वच पंथांस तो अखेर शांततेकडे वळवितो. तिच्या शेवटच्या कडव्यांचें पुढें एक लोकप्रिय ख्रिस्ती भजन झालें. ज्याच्या देवपूजेंत गाणें नव्हतें, त्याचेंच गाणें पुढें देवळांदेवळांतून गाइलें जाऊं लागलें!

परंतु मामाआजोबांनीं दुहेरी रेघ ओढली आहे ती या मजकुराखालीं नव्हे. ती रेघ आहे १८३८ च्या मे महिन्यांतील एका प्रसंगाखालीं. फिलाडेल्फिया शहरांत गुलामगिरीच्या विरोधकांनीं एक भव्य सभागृह बांधलें होतें. व्हिटियर त्या वेळीं जें पत्र चालवी, त्याची कचेरी याच इमारतींत होती. सभागृह उघडल्यावर अवघ्या चार दिवसांच्या आंत जमावानें त्याला आग लाविली. तेव्हां हा शांतिप्रिय कवि डोक्यावर टोप चढवून, अंगांत लांब पांढरा डगला घालून, वेष पालटून त्या खवळलेल्या जमावांत शिरला आणि आपल्या कचेरींतील जेवढे कागद वांचवितां आले तेवढे घेऊन बाहेर पडला, असें त्याच्या चरित्रांत आहे. समासांत मामाआजोबांचें एकच वाक्य आहे : “कागद असे वांचवावे लागतात.”

ही वही आम्हीं प्रथम वाचली ती आम्ही स्वतः शिक्षक झाल्यावर. आमच्या मनाची काय अवस्था झाली असेल, तें वाचकांनींच जाणावें. त्या कवीपुढें आग होती आणि मारायला टपलेला जमाव होता. आमच्यापुढें काय होतें? घाटावरलें थंड पाणी.

त्याच वहींत आणखी एक टीप आहे. ती गाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्यांनीं लिहिलें आहे कीं, अमेरिकेंतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांस जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अर्पण केलें; आणि खालीं, “पंतांच्या आर्येंत ही वेदना नाहीं. आपण पंतांचे म्हणून हें झांकूं नये.” वतन गेलेल्या एका कुळकर्ण्यानें आपल्या खासगी वहींत, कोणी पाहत नसतां, हें लिहावें! आपल्या आवडत्या कवीवरचें त्याचें प्रेम किती निरोगी होतें, तें यावरून दिसतें. संग्राहक सर्वच कागद ठेवितो. आपल्या बाजूचे तेवढेच ठेवणारा तो वकील.

व्हिटियर १८९२ सालीं वारला. दोनच वर्षांनीं त्याच्या पुतणीच्या यजमानांनीं, पिकर्ड यांनीं, त्याचें चरित्र व पत्रें दोन भागांत छापलीं. पुढें हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयांतील करियर या गृहस्थांनीं त्याच्या लेखनाची शेंकडों पानांची सूचि तयार केली. ती १९३७ सालीं निघाली. त्याचें जन्मघर, त्याचें राहतें घर, हीं लोकांनीं जतन केलीं आहेत. हें वाचून, “तिकडचे लोकच तसे! आपल्याकडे हें कोठलें?” असा सुस्कारा टाकण्याची आपल्यांत रीत आहे. आमच्या मतें ती रीत खोटी आहे.

पंतांचेंच पाहा. परशुरामपंत तात्या गोडबोल्यांनीं १८५४ सालीं ‘नवनीत’ काढून पंतांची निवडक कविता शाळेंत जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातीं दिली. दादोबा पांडुरंगांनीं १८६५ सालीं केकावलीवर टीका लिहिली आणि आपल्या आईचें नांव वडिलांच्या नांवाआधीं घालून तिला ‘यशोदापांडुरंगी’ म्हटलें. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमालेंत पंतांचा कैवार घेतला. पांगारकरांनीं १९०८ सालीं चरित्र लिहिलें. पराडकर घराण्यांतीलच रामकृष्ण दत्तात्रेय पराडकर यांनीं पंतांचे समग्र ग्रंथ संपादिले. पंतांपुरतेंच कां? धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १८९३ मध्यें सत्कार्योत्तेजक सभा काढिली आणि मठामठांतून हिंडून समर्थांचें व त्यांच्या शिष्यांचें वाङ्मय गोळा केलें. तें आज धुळ्यास श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत आहे. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांनीं जुन्या मराठी कवींचे कागद मिळविण्यांत जन्म घातला आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ सिद्ध केलें.

तेव्हां संग्राहकांची वाण आपल्याकडे कधींच नव्हती. गांवोगांवीं होते, नांवारूपाला आले ते थोडे, न आलेले पुष्कळ. वाण आहे ती त्यांच्या पाठीमागच्या माणसांची. माळ्यावरचें गांठोडें म्हणजे कसर, अडगळ, असें ज्यांना वाटतें त्या मुलांची आणि सुनांची, पुतण्यांची आणि भाच्यांची. दुसऱ्याला कशाला बोल लावावा? आमची स्वतःची.

कोणी म्हणेल, त्या तिसऱ्या रुमालांत असें होतें तरी काय? खेडोपाडींच्या हरिदासांचे अपपाठ! छापील ग्रंथ हातीं असतां त्यांचा उपयोग काय? हा विचार करून आम्हींहि कांहीं वर्षें मनाचें समाधान केलें. परंतु संशोधकाला बरोबर पाठ जितका हवा असतो तितकाच चुकीचाहि हवा असतो. कारण चुकीवरूनच कळतें कीं, आर्या कोणत्या वाटेनें गेली, कोणाच्या तोंडीं बसली, कोणता शब्द लोकांना अवघड वाटला आणि त्याच्या जागीं त्यांनीं कोणता घातला. पंतांचें मूळ हस्तलिखित मिळालें तरी ही गोष्ट त्यांतून कळणार नाहीं. ती ज्यांच्या मुखीं होती ते हरिदास गेले. ज्यांनीं लिहून घेतली ते गेले. आणि ज्यावर लिहिली तो कागद आम्हीं घालविला.

एवढें सांगून आम्ही थांबलों. नातू बराच वेळ बोलला नाहीं. चौथऱ्यावर चढून तो आंतल्या खोलीच्या जागेपर्यंत गेला. तेथें भिंत नाहीं, देवळी नाहीं. दगडांची एक ओळ आणि वाळलेला गाळ आहे. परत येऊन त्यानें विचारलें, “मग त्यांतलं कांहींच कळत नाहीं का, आजोबा?”

कळतें. एवढें मात्र कळतें. दुसऱ्या रुमालाच्या तळाशीं मामाआजोबांच्या हातची तिन्हीं रुमालांची यादी आहे. तिसऱ्या रुमालाखालीं त्यांनीं नोंद केली आहे : हरिदासांच्या मुखांतून ऐकलेल्या, छापील पाठाहून भिन्न अशा आर्या एकशें एक्याऐंशीं, सांगणारांचीं नांवें व गांवें, पैकीं छापील ग्रंथांत न आढळलेल्या अकरा. आपण काय घालविलें याचा आंकडा इतका नेमका ज्यांना ठाऊक आहे, असे अपराधी थोडेच असतील.

“ते दोन रुमाल आपल्या कपाटांत आहेत ते?” नातवानें विचारलें.

“हो.”

“आणि ते ओले झाले तर?”

त्या मुलाला टोमणा मारावयाचा नव्हता. त्यानें साधा प्रश्न विचारला. पण आमच्या ध्यानांत आलें कीं, पन्नास वर्षांच्या आंतबाहेरच्या या काळांत आम्ही पश्चात्ताप पुष्कळ केला, काम कांहींच केलें नाहीं. रुमाल कपाटांत होते. कपाटाला कुलूप होतें. मोडी वाचणारे आमच्या घरांत आम्हीच शेवटचे. आमच्यामागें त्या कागदांचें काय होणार होतें, तें सांगावयास ज्योतिषी नको होता. देवळींतून कपाटांत, एवढाच काय तो त्यांचा प्रवास झाला होता.

उन्हें चढलीं होतीं. देवळाच्या सावलींत बसून आम्हीं दशमी खाल्ली, पाणी प्यालों आणि परतलों. जातांना मागें वळून पाहिलें. महिन्या-दीड महिन्यानें घाटावर पाऊस झाला म्हणजे भीमा येणार, गाळपेर निघून गेलेली असणार, आणि पायऱ्या, जोतें, मंडप, शिखर या क्रमानें सगळें पुन्हां खालीं जाणार. पुढलें कोरडें वर्ष आलें कीं तें पुन्हां वर येईल. दगडाचें असें आहे. कागदाचें तसें नाहीं. तो एकदां पाण्याखालीं गेला कीं कोणत्याहि उन्हाळ्यांत वर येत नाहीं.

ती सुट्टी संपेपर्यंत आजानातवांनीं मिळून काम केलें. आम्हीं एकेक पान उलगडावें, मऊ कुंचल्यानें झाडावें. त्यानें आपल्या यंत्रानें त्याचें चित्र घ्यावें आणि त्याला अनुक्रमांक द्यावा. मोडी पानांचें बाळबोध आम्ही रोज थोडें थोडें करीत आहों. त्याला मोडीचीं अक्षरें शिकवावयास आरंभ केला आहे. त्याचें अक्षर वाईट आहे, पण चिकाटी आहे. दिवाळीनंतर दोन्ही रुमाल पुण्याच्या एका संशोधनसंस्थेच्या स्वाधीन केले. तेथील तरुण गृहस्थांनीं ते दोन्ही हातांनीं घेतले, हें पाहून बरें वाटलें.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असे रुमाल असतील तर त्यांस आमची हात जोडून विनंति आहे कीं, ते उन्हाळ्यांतच खालीं काढावे. कोणाचे आहेत, कशाविषयीं आहेत, हें माहीत नसलें तरी चालेल. ज्याला माहीत आहे अशा माणसाकडे ते पोंचवावे, आणि पोंचविण्यास मुलांना पाठविलें तर आपण स्वतः बरोबर जावें.

रुमाल देण्यापूर्वीं एक गोष्ट मात्र आम्हीं केली. मामाआजोबांच्या यादींत तिसऱ्या रुमालापुढची जागा कोरी होती. पुढें जो कोणी ही यादी वाचील तो तिसरा रुमाल शोधीत बसेल, उगाच कोणावर संशय घेईल. म्हणून त्या जागीं आम्हीं आपल्या हातानें लिहिलें : “हा रुमाल पळसदेव येथें घर उठवितांना राहिला व नष्ट झाला. आणण्याचें काम आमच्याकडे होतें.” त्याखालीं तारीख घातली आणि सही केली.